इयत्ता : लागू नाही

गेल्या काही महिन्यांत या मासिकाकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. लिहिणारे तिशी-चाळिशीतले, कमरेला पांढरा पट्टा, फार तर पिवळा. आपल्यापैकी कुणा ना कुणाच्या क्लबात ते ज्युदो शिकायला आले. काही टिकले, बरेचसे गेले. जाताना त्यांनी प्रशिक्षकांना काही सांगितले नाही, आम्हाला लिहिले. तेव्हा त्यांची पत्रे तुम्हाला वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

पहिले पत्र एका सहकारी बँकेत लेखापाल असलेल्या बाईंचे. वय ४३. मुलाला क्लासला सोडायला यायच्या आणि तासभर बाकावर बसून राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सर, मी पण शिकू का?" सर भले निघाले, हो म्हणाले. सात-आठ महिने बाईंनी इमानेइतबारे उकेमी (पडण्याचा सराव) केली, ओ-गोशी आणि हिझा-गुरुमा बसवले, केसा-गातामेतून सुटायला शिकल्या. मग पिवळ्या पट्ट्याच्या ग्रेडिंगचा अर्ज हातात आला.

तो अर्ज तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेचे नाव. इयत्ता व तुकडी. पालकांची सही. मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. सोबत बोनाफाइड. बाईंनी शाळेच्या रकान्यात आडवी रेघ मारली, तर अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत आला. विचारायला गेल्यावर टेबलामागचे पदाधिकारी म्हणाले, "रकाना रिकामा ठेवता येत नाही मॅडम, वर चालत नाही." वर म्हणजे कुठे, ते काही त्यांना सांगता आले नाही. पालक म्हणून बाईंनी स्वतःच्या एकाहत्तर वर्षांच्या आईची सही घेतली. आई म्हणाली, "आता काय केलंस तू?" शिक्क्यासाठी त्या मुलाच्या शाळेत गेल्या. तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले, आणि ते बरोबरच होते. शेवटी माळ्यावरच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला निघाला. शाळा सोडण्याचे कारण : एस.एस.सी. उत्तीर्ण. त्याची झेरॉक्स जोडल्यावर अर्ज एकदाचा पुढे सरकला, आणि इयत्तेच्या रकान्यात कुणीतरी लाल शाईने लिहिले : लागू नाही.

वाचून आम्हीही हसलो. मग तो अर्ज पुन्हा एकदा, त्यात काय नाही हे शोधत वाचला आणि हसू मावळले. चाळिशीच्या माणसाला मॅटवर उतरवण्याआधी काय विचारायचे असते? रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का. गुडघा, खांदा, मणका यांची जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया आहे का. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का. डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास? डोक्याला मार लागून कधी शुद्ध हरपली होती? यातला एकही प्रश्न त्या अर्जात नाही. तुकडी अ की ब, हे मात्र संघटनेला कळलेच पाहिजे.

अर्ज असा का, हे आपण सगळे जाणतो. आपले वर्ष शालेय स्पर्धांच्या खुंटीला बांधलेले आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट; तालुका, जिल्हा, विभाग, राज्य; मग प्रमाणपत्र, दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण. मुलांना त्यांच्या घामाचे मोल मिळते, यात गैर काही नाही. पण त्यामुळे आपल्या क्लबांना एक खोड लागली : जो प्रमाणपत्रासाठी येत नाही, तो कशासाठी आला हेच आपल्याला उमगत नाही. त्याच्यासाठी रकाना नाही, तास नाही, गट नाही. दुसऱ्या पत्रातल्या छत्तीस वर्षांच्या वाचकाला तर एका संकुलात व्यायामशाळेची पावती फाडायला लावली आणि त्या पावतीवर मॅटवर पाय ठेवता येत नाही असेही सांगितले. मॅट सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत कुलपात असते. कुलूप कुणासाठी राखून ठेवले आहे, हे संकुलाच्या फलकावर लिहिलेले नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळे मांडले आहे, ती मुले? गुणांचा प्रस्ताव बोर्डाकडे गेला की क्लबात किती उरतात, हे प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या हजेरीपटात पाहावे. आम्हाला आकडा कळवायची गरज नाही.

ज्युदो मुलांचाच खेळ आहे, हा समज आपण कुठून उचलला कोण जाणे. रंगीत पट्टे घ्या. आपल्याकडे ते पोरांना खूश करायला असतात असे मानतात. दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडनच्या बुडोकवाई क्लबात आणि पुढे पॅरिसमध्ये मिकिनोसुके कावाइशींच्या हाताखाली ते रुजले, तेव्हा समोर कचेऱ्यांतून सुटून आलेली मोठी माणसे होती. पुढे फ्रान्समध्ये ज्युदो रुजवणाऱ्यांपैकी एक झालेले मोशे फेल्डेनक्राईस पॅरिसमध्ये ज्युदोचे संस्थापक कानो यांना भेटले ते १९३३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. केइको फुकुदा १९३५ मध्ये, विशी ओलांडल्यावर, कोदोकानच्या महिला विभागात आल्या. कानोंचे पहिले जुजुत्सु-गुरू फुकुदा हाचिनोसुके यांची ही नात. उंची पाच फुटांहून कमी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेने त्यांना दहावा दान दिला, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून जपानी ज्युदो-शिक्षक ताकागाकी १९२९ मध्ये शिकवायला आले, तेव्हा तिथे कुणालाही वाढीव गुण मिळत नव्हते. तरी माणसे पडायला शिकलीच.

आणि खुद्द जपानने काय केले? २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची देशपातळीवरची वैयक्तिक स्पर्धा बंद केली. कारण सरळ सांगितले : पालक आणि प्रशिक्षक जिंकण्यापायी मुलांना पिळून काढत होते. ज्यांच्याकडून आपण खेळ घेतला, ते लहानग्यांची पदके कमी करायला निघाले आहेत. आपण मात्र पदकाशिवाय दुसरी मोजपट्टी हातात धरत नाही.

आता प्रशिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, पदाधिकाऱ्यांवर रागावून झाले असेल तर आपल्याकडे वळू. तिसरे पत्र चौतिशीच्या एका अभियंत्याचे आहे. तिसऱ्या दिवशी त्याला रांदोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत) उभे केले. समोर १९ वर्षांखालील गटातला पदकविजेता. नवशिक्या मोठ्या माणसाची जी ठरलेली सवय असते, हात ताठ करून कंबर मागे घ्यायची, तीच याने घेतली. पोराने तानी-ओतोशी मारली आणि तो अभियंत्याच्या पायावर बसला. गुडघ्याचा अस्थिबंध गेला, शस्त्रक्रिया झाली, नोकरीतून तीन महिने सुट्टी. सर म्हणाले, "खेळात असं होतंच."

असे होत नसते, सर. असे केले जाते. तानी-ओतोशी गोक्योच्या, म्हणजे फेकींच्या पाच गटांपैकी, चौथ्या गटात ठेवली आहे. ताठ उभ्या माणसावर ती सोपी वाटते म्हणून पोरे हौसेने मारतात. मारणाऱ्याचा पाय समोरच्याच्या टाचांमागे जाण्याऐवजी गुडघ्याच्या बाजूला अडला की काय होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. नवशिक्या प्रौढांच्या रांदोरीत ती बंदच हवी. ओसोतो-गारीचे दुखणे वेगळे आहे. ती पहिल्याच गटात आहे, म्हणून दुसऱ्या आठवड्यात शिकवायची अशी आपली रीत. पण साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस सरळ मागे पडतो तेव्हा डोके किती उंचीवरून येते, याचा हिशेब करा. हनुवटी छातीला लावायची सवय अंगात मुरायच्या आधी ही फेक नकोच. जपानमधल्या शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणात होत्या, आणि नवशिकी, पहिल्या वर्षाची मुले जास्त होती. जिथे खेळ जन्मला तिथे ही गत झाली, तर आपल्या चार सेंटिमीटरच्या, सांधे उघडलेल्या मॅटवर काय होईल?

प्रौढ माणूस लहान मुलासारखा पडत नाही. नऊ वर्षांचे पोर दिवसातून दहा वेळा असेच पडत असते. चाळिशीचा माणूस शेवटचा कधी पडला होता, हे त्याला आठवावे लागते. तो पडताना हात मागे टेकवतो, श्वास रोखतो, मान ताठ धरतो. त्याला भीती वाटते आणि ती योग्यच आहे, कारण सोमवारी त्याला कामावर जायचे असते. म्हणून उकेमी आधी पाठीवर झोपून, मग बसून, मग उकिडवे, मग उभ्याने. पहिले सहा आठवडे एवढेच आणि जोडीला ने-वाझा (जमिनीवरचे डाव). ने-वाझात पडण्याची भीती नसते, दम मात्र लागतो, आणि माणसाला आपण ज्युदो करतो आहोत असे पहिल्याच दिवशी वाटते. मग उचिकोमी. मग जाड गादीवर नागेकोमी, उकी-गोशी आणि ओ-गोशी, जोडीदार साधारण त्याच वजनाचा. डे-आशी-बाराई हळू हाताने. रांदोरी तीन महिन्यांनंतर, तीही ब्राउन किंवा ब्लॅक बेल्टशीच. समोरच्याला धरून हळू खाली ठेवणे ज्याला जमते, त्यालाच प्रौढांबरोबर उभे करावे. ज्याला आठवड्यावर जिल्हा स्पर्धा आहे, त्याला नाही. आणि पन्नाशीच्या पुढच्यांना जू-नो-काता शिकवा. त्यात फेक पूर्ण होत नाही, साध्या कपड्यांतही करता येतो. फुकुदांनी आयुष्यभर तोच शिकवला.

हे करण्यात क्लबाचे नुकसान काय आहे? प्रौढ सभासद फी वेळेवर देतो, कारण ती त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ त्याला चालते आणि त्या वेळी तुमची मॅट नुसती पडून असते. त्याला टाइमकीपर बनवा, स्कोअरबोर्डवर बसवा, चार वर्षांनी तो पंचपरीक्षा देईल. मुलींच्या वजनाच्या वेळी महिला पंच नाही म्हणून दर वर्षी आपण धावाधाव करतो. बाकावर तासभर बसलेल्या त्या आयांकडे एकदा वळून तरी पाहिले का?

स्पर्धेचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय महासंघाचा वेटरन गट ३० व्या वर्षी सुरू होतो आणि पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. पण तो जुन्या खेळाडूंना अधिक सोयीचा. नवशिक्यांसाठी जिल्हा पातळीवर पांढरा ते नारिंगी पट्ट्यांचा एक साधा गट ठेवा, बंद फेकींची यादी वेगळी, लढत तीन मिनिटांची. नाहीतर सव्वीस वर्षांचा पांढरा पट्टा खुल्या गटात उतरतो, दहा सेकंदांत इप्पोन खातो आणि परत येत नाही.

मोठ्या योजनेसाठी आम्ही कुणाच्या दारात जाणार नाही. पुढच्या अंकात प्रौढांसाठीचा एक पानी नोंदणी अर्ज आम्ही छापत आहोत. त्यात इयत्ता नाही, तुकडी नाही, पालकांची सही नाही. आजार, औषधे, जुन्या दुखापती आणि आपत्कालीन संपर्क आहे. तो कापून घ्या, झेरॉक्स काढा, आपापल्या जिल्हा संघटनेच्या पुढच्या बैठकीत मांडा. जे पदाधिकारी 'वर चालत नाही' म्हणतील, त्यांना 'वर'चा पत्ता लेखी विचारा आणि आम्हाला कळवा, आम्ही तिकडे लिहू.

आणि प्रशिक्षकांनो, आठवड्यातून दोन सकाळी तुमची मॅट प्रौढ नवशिक्यांसाठी उघडा. क्लबाचे नाव, गाव आणि वेळ या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कळवा. यादी आम्ही विनाशुल्क छापू. ज्या जिल्ह्यातून एकही नाव येणार नाही, त्या जिल्ह्याचे नावही त्याच पानावर छापू, आणि त्यापुढे लिहू : लागू नाही.