सूटपत्राची किल्ली कोणाच्या हाती?

हिब्रू भाषेत ‘अगुना’ असा एक शब्द आहे. नांगर टाकून जखडून ठेवलेल्या गलबताशी त्याचे नाते आहे. जिचा संसार केव्हाच संपला, पण नवऱ्याने धर्मविहित सूटपत्र न दिल्यामुळे जी पुन्हा विवाह करू शकत नाही, ती अगुना. आपल्याकडील परित्यक्तेच्या दुःखाशी तिचे दुःख जुळते. पण एक भेद आहे. परित्यक्तेला नवऱ्याने टाकलेले असते. अगुनेला त्याने टाकलेलेही नसते आणि नांदवलेलेही नसते. अडकवून ठेवलेले असते. इस्रायलमध्ये या अडकवण्यामागे आजही राज्याच्या कायद्याचे बळ उभे आहे. ‘हा ईश्वरी कायदा आहे, आमचे हात बांधलेले आहेत,’ असे धर्मपीठांचे म्हणणे. हे हात खरोखरच बांधलेले आहेत काय, हे त्यांच्याच ग्रंथांच्या साक्षीने तपासले पाहिजे.

या साऱ्या कायद्याचा मूळ आधार ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातील पहिली चार वचने. ती घटस्फोटाची आज्ञा देत नाहीत. घटस्फोटाची रूढी गृहीत धरतात. पत्नीत काही अनुचित आढळले म्हणून पतीने सूटपत्र लिहून तिच्या हाती दिले, तिने दुसरा विवाह केला आणि तोही मोडला किंवा दुसरा पती वारला, तर पहिल्याने तिला पुन्हा पत्नी करून घेऊ नये, एवढाच त्यांचा निर्बंध. म्हणजे स्त्रीचा पुनर्विवाह तेथे निषिद्ध नाही, उलट गृहीतच आहे. पुढे मिश्नेने सूटपत्राचा गाभा निश्चित केला तोही हाच, की ही स्त्री आता कोणत्याही पुरुषाशी विवाह करण्यास मोकळी आहे. जो कागद स्त्रीच्या मुक्ततेचा दाखला म्हणून जन्मला, तोच पुढे तिला ओलीस ठेवण्याचे साधन व्हावा, यापरती विटंबना कोणती?

आणि ‘अनुचित’ म्हणजे काय? यावर दोन हजार वर्षांपूर्वीच पंडितांत मतभेद होते. शम्मायच्या संप्रदायाने व्यभिचार एवढाच अर्थ घेतला. हिल्लेलच्या संप्रदायाने स्वयंपाक बिघडवला तरी पुरे, असे म्हटले. रब्बी अकिवा तर म्हणाले की, दुसरी अधिक सुंदर स्त्री आढळली तरी चालेल! हे तिन्ही पक्ष एकाच वचनावर उभे आहेत. वचन ईश्वराचे असेल. अर्थ लावणारी माणसे होती, आणि ती सारी पुरुष होती.

मात्र याच परंपरेत सुधारकही झाले, हे नाकबूल करता येणार नाही. नवऱ्याला बायको सोडणे सहज वाटू नये म्हणून विवाहकरारात, म्हणजे ‘केतुबा’त, ठरलेल्या रकमेला त्याची सारी मालमत्ता तारण ठेवण्याचा नियम झाला, ताल्मुद त्याचे श्रेय शिमोन बेन शेताह यांना देते. इ. स. १००० च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ येथील रब्बेनू गेर्शोम यांच्या नावावरील निर्बंधाने युरोपातील ज्यूंत बहुपत्नीत्व बंद झाले आणि पत्नीच्या संमतीवाचून तिला घटस्फोट देण्यासही मनाई झाली. ग्रंथाने जे पुरुषाला दिले होते, ते रब्बींनी काढून घेतले. तेव्हा आभाळ कोसळले नाही.

पण तराजू समतोल झाला नाही. पत्नी सूटपत्र घेण्यास नकार देत असेल, तर शंभर रब्बींची अनुज्ञा मिळवून पुरुषाला दुसरा विवाह करण्याची वाट मोकळी आहे. पती देण्यास नकार देत असेल, तर स्त्रीला अशी कोणतीच वाट नाही. तिने दुसरा संसार थाटला, तर तो व्यभिचार आणि तिची मुले ‘मामझेर’. त्यांनी ज्यू समाजात सामान्यपणे विवाह करावयाचा नाही. पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवला, तर त्या संततीला हा डाग नाही. याला ईश्वरी न्याय म्हणावयाचे असेल, तर पुरुषी स्वार्थ कशाला म्हणावयाचे?

यावर असा युक्तिवाद होतो की, सूटपत्र पतीने स्वेच्छेने दिले पाहिजे. सक्तीने घेतलेले सूटपत्र व्यर्थ. पण मिश्ना म्हणते की, जेथे धर्मन्यायालयाने घटस्फोट आवश्यक ठरविला आहे, तेथे ‘माझी इच्छा आहे’ असे पती म्हणेपर्यंत त्याच्यावर सक्ती करता येते. आणि मायमोनिडीझसारख्या थोर आचार्याने त्याचे तर्कशुद्ध समर्थन केले आहे. पती बेपत्ता झाला, तर त्याच्या मृत्यूविषयी एकाच साक्षीदाराची, एवढेच नव्हे तर स्त्रीचीही, साक्ष ताल्मुदने ग्राह्य मानली. एरवी दोन पुरुष साक्षीदारांवाचून पान न हलणाऱ्या या न्यायव्यवस्थेने अगुनेसाठी पुराव्याचे नियम सैल केले. १९७३ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या पत्नींना पुनर्विवाहाची मोकळीक मिळावी म्हणून रब्बी ओवादिया योसेफ यांनी हाच मार्ग पुढे नेला. विवाह रब्बींच्या संमतीने होतो, म्हणून ते तो रद्दही करू शकतात, हे तत्त्वही ताल्मुदमध्येच आहे. नाहीशा झालेल्या नवऱ्यासाठी कायदा वाकतो; मग समोर उभा राहून सूटपत्राची किंमत मागणाऱ्या नवऱ्यापुढेच तो ताठ का होतो? उणीव ग्रंथात नाही, धैर्यात आहे.

ख्रिस्ती परंपरेची कथा वेगळी नाही. परुश्यांनी येशूला हाच वादाचा प्रश्न विचारला. मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे ही मुभा दिली, असे त्याचे उत्तर मत्तय आणि मार्क सांगतात. बायको केव्हाही सोडणाऱ्या पुरुषाच्या लहरीला ते उत्तर एक चपराक होते. मार्कमध्ये अपवाद नाही; मत्तयमध्ये व्यभिचाराचा आहे. पण पुढे याच उत्तरातून चर्चने अभेद्य विवाहाचा किल्ला बांधला आणि त्याच्या तळघरात स्त्रियाच अधिक अडकल्या. आपल्याकडे १८६९ च्या कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार हे एक कारण पुरेसे ठरविले. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराला बहुधा क्रौर्याची किंवा परित्यागाची जोड सिद्ध करावी लागे. हा अन्याय दूर व्हायला २००१ साल उजाडावे लागले.

धर्मसंस्थेचा आग्रह एक वेळ समजू शकतो. आधुनिक राज्याने आपला दंडुका तिच्या हाती द्यावा, हे मात्र अक्षम्य आहे. तुर्की साम्राज्याने प्रत्येक जमातीचे विवाह तिच्या धर्मगुरूंकडे सोपविले होते. इंग्रजांनी पॅलेस्टाइनमध्ये ती सोय तशीच ठेवली. आणि समतेची ग्वाही देत जन्मलेल्या इस्रायलने १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडेच दिले. परदेशात नागरी विवाह करून आलेल्या ज्यू जोडप्यालाही घटस्फोटासाठी त्याच दारात उभे राहावे लागते. तेथे सौदा सुरू होतो: पोटगी सोड, घरातील वाटा सोड, मुलांचा ताबा सोड, मग सूटपत्र देतो. १९९५ च्या कायद्याने आडमुठ्या नवऱ्याचा वाहनपरवाना, पारपत्र व बँकखाते अडविण्याचे, त्याला तुरुंगात टाकण्याचेही अधिकार दिले. पण आधी धर्मन्यायालयाने तसा आदेश द्यावयास हवा. आणि तुरुंगात जाऊनही त्याने नकारच दिला, तर स्त्री बांधलेलीच. किल्ली त्याच्याच खिशात.

या व्यवस्थेची झळ मराठी माणसांनाही लागलेली आहे, याचे स्मरण आज किती जणांना आहे? कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल. अलिबाग-पेणची मराठी बोलत ते इस्रायलमध्ये गेले, तेव्हा तेथील मुख्य रब्बीपीठाने शंका काढली: शतकानुशतके जगातील ज्यूंपासून तुटलेल्या या लोकांना सूटपत्राचे नियम ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांच्या पूर्वजांत एखाद्या स्त्रीचा पुनर्विवाह सूटपत्रावाचून झाला असेल, आणि आजची संतती दूषित असेल! १९६२ मध्ये विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना आदेश गेले की, बेने इस्रायलशी विवाह करू पाहणाऱ्यांची मातृपक्षाची वंशावळ तपासावी. एका कल्पित पणजीच्या कल्पित दोषासाठी जिवंत मुलामुलींची लग्ने अडली. पण हे कोकणी लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये सत्याग्रहासारखे धरणे धरले, प्रश्न संसदेत नेला, आणि रब्बीपीठाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले. ज्यांचे हात बांधलेले होते, ते लोकांच्या रेट्याने सुटले. धडा एवढाच आणि तो पुरेसा आहे.

आज हा लढा ज्यू स्त्रियाच लढत आहेत, आणि त्यांत धर्मनिष्ठ स्त्रियाही आहेत. १९९० च्या दशकापासून त्या धर्मन्यायालयांत स्त्रियांची बाजू मांडू लागल्या. न्यूयॉर्क राज्याने १९८३ मध्ये आणि इंग्लंडने २००२ मध्ये नागरी घटस्फोटाला धार्मिक अडथळा दूर करण्याच्या अटीची जोड दिली. सूटपत्र देण्याचा करार मोडून पंधरा वर्षे पत्नीला ताटकळत ठेवणाऱ्या नवऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. हे उपाय उपयुक्त आहेत. पण ते मलमपट्टीच. खरा उपाय एकच: विवाह करण्याचा आणि मोडण्याचा नागरी मार्ग प्रत्येकाला खुला असावा. ज्याला धर्मविधी हवा, त्याने तो अवश्य करावा. पण एका नागरिकाच्या मोकळेपणाची किल्ली दुसऱ्या नागरिकाच्या खिशात ठेवण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही.

हे वाचून कोणी ज्यूंकडे बोट दाखवून समाधान मानू नये. सूटपत्राची भाषा हिब्रू असो वा अन्य कोणतीही, ते लिहिणारा हात आजवर एकाच बाजूचा राहिला आहे. मोशेच्या ग्रंथातील ती स्त्री पत्र हाती घेऊन स्वतःच्या पायांनी दुसऱ्या घरात गेली होती. तिच्या आजच्या लेकींना तेवढीही वाट नाकारणाऱ्यांनी ग्रंथाचे नाव घेऊ नये.