'शीर भरली' म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या मैदानावर कोणी धावता धावता मागची मांडी धरून बसला की निदान ठरलेलेच असते : 'शीर भरली.' मग कोणी बाम आणतो, कोणी तेल चोळतो, आणि पंधरा दिवसांनी गडी पुन्हा खो-खोच्या चौकोनात उकिडवा बसलेला दिसतो. मीही बसलो होतो. दोन मोसमांत तीनदा मांडी गेली. तिसऱ्या वेळी आमच्याच संघातला एकजण म्हणाला, "सामने आले की याची मांडी बरी दुखते!" हे मला फार लागले.

एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी दुखापत हे नाटक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडीच्या मागचे तीन स्नायू वरच्या बाजूला बैठकीच्या हाडाला कंडरेने, म्हणजे दोरासारख्या चिवट पट्ट्याने, बांधलेले असतात. स्नायूचे मांस फाटले तर ते विश्रांतीने व व्यायामाने बहुधा भरून येते. पण दोरच हाडापासून सुटला तर वरून कितीही तेल चोळा! तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. नितंबाखाली छेद घेऊन, शेजारची सायटिक नस जपत, डॉक्टर सुटलेले टोक शोधतात आणि हाडात बसवलेल्या बारीक खुंट्यांना दोऱ्यांनी पुन्हा बांधतात. उशीर झाला तर ते टोक आक्रसून आजूबाजूला चिकटलेले असते, आणि काम अवघड होते.

इंग्लंडच्या बेन स्टोक्सची डावी मांडी ऑगस्ट २०२४ मध्ये गेली, डिसेंबरात हॅमिल्टनच्या कसोटीत पुन्हा गेली. जानेवारी २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तो मैदानावर होता. जुलैत मँचेस्टरला त्याने एकाच डावात आपले पाच गडी टिपले, वर १४१ धावाही केल्या! (हे पाहून रडावे की हसावे, मला कळेना.) फ्रान्सचा फुटबॉलपटू उस्मान डेम्बेले याच्या तर दोन्ही मांड्यांच्या कंडरांवर, २०१७ व २०२० साली, फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाल्या, २०२५ चा 'बालाँ दॉर' त्यालाच मिळाला.

म्हणून उठसूट प्रत्येकाने टेबलावर झोपावे, असे मी म्हणत नाही. बहुतेकांना त्याची गरज नसते. सोबत्याने घोटे धरायचे, आपण गुडघ्यांवर राहून सावकाश पुढे झुकायचे, हा 'नॉर्डिक' व्यायाम फुकट आहे आणि दुखापत टाळण्यात गुणकारी ठरला आहे. आमच्या जिमखान्यात तो कोणी शिकवला नाही. चषकांची कपाटे मात्र भरली आहेत. असो.

माझा एमआरआय वडिलांनी पैसे जमवून काढला. कंडरा शाबूत निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो चालू आहे. माझ्या आधीचा आमचा एक उत्तम पळणारा गडी असाच तीन-चारदा लंगडला आणि खेळ सोडून गावी गेला. त्याच्याकडे तपासणीचे पैसे नव्हते. त्याचा दोर शाबूत होता की सुटलेला, हे कोणी पाहिलेच नाही.