शिकवायचे कोणाला?

सरकारी खरेदीत लहान उत्पादकाला वाटा मिळत नाही, कारण त्याला प्रशिक्षण नाही, असे निदान सत्ताधाऱ्यांनी करून टाकले आहे. उपायही ठरलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा भरवावा, 2016 साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेवर नाव कसे नोंदवावे ते पडद्यावर दाखवावे आणि हजेरीपत्रक वर पाठवावे. केळझरची बचत गटातील बाई एका दिवसाची मजुरी बुडवून वर्ध्याला जाते, तेव्हा ती पदरात काय घेऊन परतते, हे मात्र कोणी विचारत नाही.

वस्तुतः तिला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 20 टक्के वाटा राखला. 2018 मध्ये तो 25 टक्के झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के स्त्रियांच्या उद्योगांचा. या उद्योगांना निविदेचे कागद विनामूल्य मिळतात, बयाणा रक्कम माफ असते. 2006 च्या कायद्यान्वये मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. अर्ज भरायला शिकवणारे हे हक्क शिकवीत नाहीत. कारण हक्क कळलेला विक्रेता उद्या देयकासाठी कचेरीत उभा राहून व्याज मागेल!

आणि अज्ञान काय फक्त विकणाऱ्याचेच आहे? अंगणवाडीतील पोषण आहाराचे उदाहरण घ्या. या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्येच बजावले होते. तरीही महाराष्ट्र शासनाने 2016 साली काढलेल्या निविदेच्या अटी अशा होत्या की लहान गट दारातच अडावेत. अखेर फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. बचत गटांना अर्ज भरता येत नव्हता म्हणून हे घडले काय? अटी लिहिणारे हात सुशिक्षित होते. त्यांना निविदेचे तंत्र अवगत होते. सार्वजनिक पैसा कोणासाठी आहे, एवढेच शिकायचे राहिले होते.

यावर आक्षेप येईल, की करदात्याचा पैसा आहे, स्वस्त आणि चांगला माल घेणे हेच शासनाचे कर्तव्य. आक्षेप मान्य आहे. परंतु गेल्या वर्षांची मोठी उलाढाल मागणारी अट मालाचा दर्जा मोजत नाही, भांडवलाचा आकार मोजते. दर्जाची अट कडक ठेवा, नमुने तपासा. पण एका गावाची गरज असेल तर निविदा जिल्ह्याएवढी करू नका. स्पर्धक जितके कमी, तितका भाव चढा, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

1934 साली याच वर्ध्यात, मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. कारागिराचे कौशल्य वाढवावे आणि त्याच वेळी ग्राहकालाही त्याच्या जबाबदारीची जाणीव द्यावी, असे त्या कार्याचे दुहेरी स्वरूप होते. आज देशातील सर्वांत मोठा ग्राहक शासन आहे आणि जाणिवेची सर्वाधिक गरजही त्यालाच आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत आणि खरेदी अधिकारी व विक्रेते यांना एकत्र बसवून व्हावे. प्रत्येक कार्यालयाने कोणाकडून किती खरेदी केली आणि पैसे किती दिवसांत दिले, याचा तक्ता फलकावर लावावा. शासन ते करीपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबू नये. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला केळझरच्या एका ओट्यावर चार माणसे पुरतात. प्रशिक्षणाचा पहिला वर्ग तिथेच भरू द्या.