मोबाईल हिसकावू नका, मूल बोलते ठेवा



मध्यंतरी आमच्या वस्तीतली एक ताई रडवेली होऊन आमच्याकडे आली. ती चार घरची धुणीभांडी करते, नवरा हमालीला जातो. खात्यातले तीन हजार रुपये गेले होते. तिसरीतला मुलगा घरी एकटा असताना फोन आला, ‘बक्षीस लागले आहे, आलेला नंबर सांग.’ पोराने ओटीपीचे आकडे वाचून दाखवले.

पैसे गेले हे वाईटच. पण त्याहून वाईट हे, की मुलाने ती गोष्ट चार दिवस लपवली. आम्ही त्याला जवळ घेऊन विचारले. तो म्हणाला, “मागे घाण चित्र दिसलं म्हणून आईला सांगितलं, तर मलाच मार बसला. फोनपण काढून घेतला.”

चित्र त्याने शोधले नव्हते, ते आपोआप समोर आले होते. खरे बोलण्याची शिक्षा मिळाली, म्हणून दुसऱ्या वेळी पोर गप्प राहिले. आम्ही त्या ताईला दोष देत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा हात उठतो. पण त्या चार दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. त्याच दिवशी १९३० या सरकारी क्रमांकावर फोन केला असता, तर ते अडवता येण्याची आशा होती.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. कर्ज काढून, हप्त्याने आम्ही फोन घेतले. मुलांच्या हाती यंत्र आले, पण ते कसे चालते, त्यात कोण भेटते, हे कोणी शिकवले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कोडिंगची सुरुवात सहावीपासून सांगितली आहे. पहिली ते पाचवीचे मूल मात्र आजच फोन चालवते. मग तोवर शिकवायचे कोणी? आपणच.

इंग्लंडमधील सरकारी शाळांत २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलालाही संगणकाचा विषय आहे. क्रमवार सूचना कशा द्याव्यात हे ते शिकते. त्याच अभ्यासक्रमात हेही आहे, की स्वतःची माहिती कोणाला देऊ नये आणि भीती वाटली तर मदत कोणाकडे मागावी. संगणक आणि सुरक्षितता हे दोन्ही धडे तिथे एकत्र दिले जातात. आपणही तसेच करावे.

त्यासाठी घरात संगणक हवाच असे नाही. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून संगणकाविना संगणक शिकवत आले आहेत. पुठ्ठ्याचे पाच तुकडे घ्या. त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढून याच क्रमाने मांडा. उघडा तुकडा म्हणजे एक, पालथा म्हणजे शून्य. मुलाला तेरा करायला सांगा. ८, ४ आणि १ उघडे राहतील. डावीकडून वाचा, शून्य, एक, एक, शून्य, एक. संगणक आकडे असेच लिहितो. या पाच तुकड्यांत शून्यापासून एकतीसपर्यंतचा कोणताही आकडा बसतो.

दुसरा खेळ चहाचा. मुलाने सूचना द्यायच्या आणि आपण अक्षरशः तेवढेच करायचे. ‘साखर टाक’ म्हटले आणि डबा उघडायला सांगितले नाही, तर आपण थांबायचे. पोर हसेल आणि समजेलही, की यंत्राला स्वतःची अक्कल नाही. सांगणारा माणूस आहे. मग त्याला विचारा, “बक्षीस लागलं, हे फोनवर दिसतं ते कोणी लिहिलं असेल? त्याला काय हवं असेल?” असा प्रश्न विचारायला शिकलेले मूल सहसा फसत नाही.

आता घरचे चार नियम सांगतो. ओटीपी, पिन, पत्ता, शाळेचे नाव आणि फोटो अनोळखी माणसाला द्यायचे नाहीत. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार आहेत असे समजावे. फोन चारचौघांत, दिवा असलेल्या खोलीत वापरावा. आणि चौथा नियम आपल्यासाठी आहे. मूल सांगायला आले तर आधी म्हणावे, “बरं केलंस सांगितलंस.” ओरडायचे असेल तर ते फसवणाऱ्यावर.

कोणी मुलाला घाणेरडे बोलले, फोटो मागितले, धमकावले, तर ते संदेश पुसू नका, जपून ठेवा. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. लाज गुन्हा करणाऱ्याने बाळगावी, आपल्या लेकराने नव्हे.

आमची एक विनंती आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारी एक तास समाजमंदिराच्या ओट्यावर लहानग्यांना जमवावे. पुठ्ठा आणि पेन पुरे. त्या ताईचा मुलगाही आता येतो. परवा त्याने फोन आईपुढे धरला आणि म्हणाला, “आई, हे बघ, कोणीतरी नंबर मागतंय.” आईने हातातले काम बाजूला ठेवले आणि त्याच्याजवळ बसली.