टेबलाची उंची कोण ठरवणार?

सुका कचरा वेगळा करण्याच्या कोणत्याही शेडमध्ये जा. अनेक ठिकाणी आपल्या मायबहिणी जमिनीवरच्या ढिगापुढे कमरेत वाकलेल्या दिसतील. जिथे टेबल आले, तिथे सुधारणा झाली म्हणून फोटो काढले जातात. पण त्या टेबलापुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला कुणी विचारले का, की बाई, तुला किती उंच हवे? ठेकेदाराने सांगितले, वेल्डरने हाताशी असलेला अँगल कापला, झाले टेबल!

वास्तविक याचे शास्त्र आहे आणि ते अवघड नाही. सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची हेच मूळ माप. निवडण्यासारख्या हलक्या कामात हात कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली चालावेत. जोर लावण्याचे काम असेल तर 15 ते 40 खाली, म्हणजे अंगाचा भार कामी येतो. बारीक नजरेचे काम मात्र कोपराच्या थोडे वर हवे. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण 95 सेंटिमीटरवर येते, म्हणजे निवडताना तिचे हात 80 ते 85 वर असावेत. साडेपाच फुटी माणसाला हेच माप सुमारे 10 सेंटिमीटर जास्त लागते. दोघांना एकच टेबल दिले की एकाची कंबर जाते, नाहीतर दुसरीचे खांदे.

आणि हे माप हातांचे आहे, टेबलाचे नव्हे. टेबलावर वीतभर कचरा पसरणार असेल, तर टेबल वीतभर खाली पाहिजे. हे हमखास विसरले जाते.

खालीवर होणारे टेबल महाग पडते, हे मान्य. मग टेबल सर्वांत उंच कामगाराच्या मापाने करा आणि बुटक्या बायांच्या पायाखाली रुंद, न हलणारा लाकडी चौथरा द्या. पावले आत जातील एवढी जागा सोडा. एकेक पाय आळीपाळीने टेकवायला खाली दांडी लावा. यासाठी कुठला आयोग नेमायचा आहे? साहेबाच्या खुर्चीला खालीवर करायचा खटका असतो, तो मागायला साहेबाला मोर्चा काढावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाकूनच काम केले त्यांची कंबर दुखते, हेच या व्यवस्थेला नवीन वाटते!

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूर खात्याचे मंत्री होते. 1946 च्या कारखाना कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. तास मोजले गेले. त्या तासांत शरीर कसे उभे असते, हे मोजायचे राहिले. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 ने उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय दिली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. किती शेडमध्ये बाकडे आहे, ते कार्यकर्त्यांनी पाहून यावे.

जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी. प्रत्येक बाईच्या कोपराची उंची वहीत लिहावी आणि ती वही घेऊन पालिकेच्या घनकचरा विभागात जावे. पुढच्या निविदेत टेबलांची संख्या छापली जाईल तेव्हा शेजारी उंचीही छापा, चौथऱ्यांचा खर्चही त्यातच धरा, एवढेच तिथे मागायचे आहे.