स्वजिल्हा

शिक्षकाचा निरोप समारंभ आमच्याकडं ठरलेला असतो. शाल, फेटा, नारळ, सरपंचांचं भाषण, मग एखादा माजी विद्यार्थी माईकपाशी येतो आणि दोन वाक्यांतच त्याचा गळा दाटतो. खर्ड्यात भंडाऱ्याच्या सरांनाही तसाच निरोप मिळाला. जो उठला तो म्हणाला, सरांना अखेर स्वजिल्हा मिळाला, आनंदाची गोष्ट आहे. सरांचा धाकटा पुढंच सतरंजीवर बसला होता. त्याला कसला आनंद झालाय असं काही दिसत नव्हतं.

त्याचा स्वजिल्हा हाच. जन्म जामखेडचा, शाळा खर्ड्याची, पोहायला शिकला ते इथल्या विहिरीत. भंडारा म्हणजे उन्हाळ्यात आजी-आजोबांकडं जायचं गाव, जिथं त्याच्या ‘लई’ला सगळी भावंडं हसतात.

सर शिक्षणसेवक म्हणून आले तेव्हा मानधन होतं महिना ३,००० रुपये. (२०२३ मध्ये ते १६,००० झालं. तेवढ्यातही आज घरभाडं देऊन कुणी चैन करत असेल असं नाही.) धानाच्या आणि तलावांच्या मुलखातला माणूस बालाघाटाच्या या कोरड्या अंगाला येऊन पडला. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, लग्न होऊन आल्या त्या थेट इथंच. ज्वारीची भाकरी त्यांना शेजारच्या आजींनी शिकवली आणि पहिले काही महिने ती तुटायचीच. आजी म्हणायच्या, "पाणी कमी घाल गं पोरी, भात हाय का त्यो?"

आंतरजिल्हा बदली ही काही सोपी गोष्ट नाही. तिकडं जागा रिकामी हवी, ती आरक्षणाच्या यादीत आपल्या प्रवर्गाच्या बिंदूवर बसायला हवी, इकडच्या जिल्हा परिषदेनं सोडायला हवं. आणि हे सगळं जमलं की सेवाज्येष्ठता सोडून द्यायची. इथं घालवलेली वर्षं तिथल्या ज्येष्ठतेच्या यादीत धरत नाहीत. कालपरवा लागलेल्या पोरांच्या मागं जाऊन उभं राहायचं. सरांनी तेही मान्य केलं, कारण म्हातारे आईवडील तिकडं एकटे होते. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त अर्जात शिक्षकाचा जिल्हा विचारतात, त्याच्या लेकरांचा विचारत नाहीत.

बाहेरून आलेल्या मास्तरांची आमच्या नगर जिल्ह्याला जुनी सवय आहे. १७९५ मध्ये अमेरिकेत सिंथिया फरार जन्मल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या या बाई १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडं घेतले. १८६२ मध्ये बाई वारल्या त्याही नगरलाच.

त्या एकट्याच होत्या. कुटुंबकबिल्याची गोष्ट ह्यूम घराण्याची. याच मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईत काम करत. प्रकृती ढासळली म्हणून १८५४ मध्ये ते बायकामुलांसह ‘घरी’ निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. आई मुलांना घेऊन अमेरिकेला पोचली. मुलगा रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा, जन्म मुंबईचा. ज्या घरी तो परतत होता ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो तिथं वाढला, येल विद्यापीठातून पदवीधर झाला आणि १८७४ मध्ये इकडं आला. नगरला त्यानं धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं, तिथं शिकवलं, दुष्काळात माणसं जगवली आणि अर्धशतक इथंच काढलं. धर्मप्रसाराबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. मला त्या सात वर्षांच्या पोराबद्दल वाटतं की, त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं आपला जिल्हा लगेच सांगितला असता.

आमच्या शाळेत एरवी निरोप उलटा असतो. मास्तर जागेवर आणि पोरं जातात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली जोडपी कोयते बांधतात आणि वर्गातल्या जागा रिकाम्या होतात. सर दरवर्षी दिवाळीच्या आधी घरोघर फिरायचे, "पोरगं आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळतंय," असं सांगत. काही ऐकायचे. काहींना धाकट्याला सांभाळायला थोरली बरोबर हवीच असायची. त्या पोरांना निरोप कुणी देत नाही, फेटा तर दूरच. हजेरीत नुसता गैरहजेरीचा शेरा पडत जातो. सरांना जूनमध्ये कार्यमुक्त केलं हे त्यातल्या त्यात बरं; कारखाने बंद होऊन सगळी गावात परतली होती, म्हणून वर्ग भरलेला दिसला. तेच दिवाळीनंतर असतं तर धाकट्याचे निम्मे दोस्त उसाच्या फडात असते. त्यातल्याच एकानं त्याला विचारलं, "तुमचा पट्टा किती म्हयन्याचा?" त्याच्या हिशेबात गेलेला माणूस पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतो.

समारंभात वहिनींचं नाव एकदाच आलं, ‘सौभाग्यवतींची साथ’ यात. त्यांचा खरा निरोप आदल्या दिवशी आळीत झाला. सहा घरांनी ओटी भरली. आजींनी खण-नारळाबरोबर ज्वारीची अर्धी गोणीच दारात आणून ठेवली. वहिनी म्हणाल्या, "आजी, टेम्पोत जागा नाही आता." आजी म्हणाल्या, "मग कपाट ठिव हितं. तांदूळ तुमच्याकडं ढीगभर, ज्वारी कोण देणार तुला?" दोघींची त्यावरून चांगलीच जुंपली. शेवटी गोणी गेली, कपाट राहिलं. ते आता आजींच्या पडवीत आहे. वहिनींनी फोनवर सांगितलंय, वापरा, पण खालचा कप्पा उघडताना जपून, बिजागरी सैल आहे.

सरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. चौथीचा वर्ग तिसरीच्या बाईंकडं जोडलाय. बाई मूळच्या परभणीच्या, आणि त्यांनीही अर्ज भरलाय.