बारा व्होल्ट आहे ना, मग चालेल!

खाडीत गरवायला जाणाऱ्यांच्या होड्यांवर आता इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर दिसू लागल्या आहेत. धूर नाही, घरघर नाही, मासा बिचकत नाही. मला याचा मनापासून आनंद आहे. पण त्या मोटरला जोडलेली बॅटरी पाहिली की डोकं फिरतं. कुणी गाडीतली काढून आणलेली, कुणी घरच्या इन्व्हर्टरची. विचारलं तर म्हणतात, दुकानदारानेच सांगितलं, "बारा व्होल्ट आहे ना, मग चालेल!"

नाही चालत. गाडीच्या बॅटरीचं काम स्टार्टर फिरवण्यापुरतं. क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे, मग अल्टरनेटर तिला भरून काढतो. म्हणून तिच्या प्लेटा पातळ ठेवतात. अशी बॅटरी तासभर उपसून रिकामी करत राहिलात की प्लेटांवरचा लेप झडतो आणि बघता बघता ती भंगारात जाते. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर त्याने बॅटऱ्या विकू नयेत. ठाऊक असून विकत असेल तर तो सरळसरळ लुबाडतो आहे.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोलवर उपसता येते, हे खरं. पण ती घराच्या कोपऱ्यात एका जागी ठेवायची वस्तू. १५० एएचची (अँपिअर-तासांची) उंच बॅटरी ५० किलोंच्या पुढे जाते. छोट्या होडीत ते वजन एका अंगाला आलं, होडी कलली, की बुचांतून आम्ल पाझरून थेट तुमच्या पायाशी.

खरी मेख आहे ती एएचच्या आकड्यात. शिसे-आम्ल बॅटरीवरचे '१०० एएच' बहुधा २० तासांच्या हिशोबाने असतात, म्हणजे ५ अँपिअर, २० तास. ५५ पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. गिऱ्हाईक भागाकार करतं, दोन तास! पण इतक्या झपाट्याने उपसलं की ही बॅटरी तेवढं देतच नाही. सव्वा तास मिळाला तर पुष्कळ. त्यातही ती टिकावी म्हणून निम्म्यावर थांबायचं, तर पाऊण ताससुद्धा हाती लागत नाही. ओहोटी लागलेली, होडी खाडीच्या मुखाशी आणि पंखा थांबलेला, अशा वेळी त्या दुकानदाराचा सल्ला कुणाला किनाऱ्याला आणणार आहे?

पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन निम्म्याहून कमी, आणि १०० एएच म्हणजे जवळजवळ १०० एएच. पण तिथेही लबाडी आहेच. काही स्वस्त पॅकमधलं बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, ५० अँपिअरचंच असतं. पंख्यात शेवाळ अडकून ओढ वाढली की ते वीज तोडतं. शिवाय चार्जर लिथियमचाच हवा आणि बॅटरीजवळ तारेवर ब्रेकर हवाच. या दोन गोष्टींत काटकसर करणाऱ्याशी मला वादही घालायचा नाही.

बॅटरी घ्यायला जाल तेव्हा मोटरचे पूर्ण वेगाचे अँपिअर कागदावर लिहून न्या. दुकानदाराला विचारा, एवढे अँपिअर ही बॅटरी सलग किती वेळ देईल? शिसे-आम्लाची असेल तर निम्म्यापर्यंत किती वेळ, आणि लिथियमची असेल तर बीएमएस किती अँपिअरचं? तो पुन्हा "चालेल" म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरं दुकान गाठा. आणि बॅटरी कुठलीही घेतलीत तरी होडीत वल्हं ठेवा.